घरात कार्पेट बसवायचंय? आधी माणूस पारखा

२०२४च्या फेब्रुवारीत अण्णा रात्री बाथरूमला उठले आणि पलंगापासून तीन पावलांवर घसरले. वय ८२. मनगटावर निभावलं, पण दीड महिना प्लास्टर आणि नंतर वॉकर. आमच्या पार्ल्याच्या घरात २०११ साली हौसेनं दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइल्स घातल्यात, चेहरा दिसेल अशा चकचकीत. त्यावर मी लगबगीनं जाड सतरंजी अंथरली, तर फिजिओथेरपिस्ट बाईंनी आल्या आल्या पहिली ती गुंडाळून ठेवायला लावली. सुटी सतरंजी म्हणजे वॉकरचा पाय अडकायचं हमखास ठिकाण. घालायचं तर भिंतीपासून भिंतीपर्यंत घट्ट चिकटवलेलं घाला, नाहीतर काहीच नको, असं त्या म्हणाल्या.

म्हणून कार्पेट. आणि मुंबईत कार्पेट म्हटल्यावर पहिला प्रश्न सगळ्यांनी एकच विचारला, ‘पावसाळ्यात काय करणार?’ बरोबर आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या शहरात जमिनीवर कापड चिकटवणं हे जरा धाडसच. घरात कुणाला दमा किंवा धुळीची अ‍ॅलर्जी असेल, तळमजला असेल, तर माझा सल्ला सरळ आहे, नाद सोडा. आमच्याकडे तसं कुणी नव्हतं, घर दुसऱ्या मजल्यावर, आणि कार्पेट फक्त अण्णांच्या खोलीपुरतं हवं होतं. तरी मला ते दोनदा बसवून घ्यावं लागलं. एप्रिलमध्ये बसवलेलं ऑगस्टमध्ये उखडलं, आणि डिसेंबरात दुसऱ्या माणसानं बसवलेलं २०२५चा अख्खा पावसाळा काढून अजून जागच्या जागी आहे. दोन्ही वेळा काय केलं, काय केलं नाही, ते इथे लिहून ठेवते.

फोनवर ‘कार्पेट’ म्हणाल तर काय ऐकू जातं

आपल्याकडे कार्पेट या एका शब्दात चार वेगळे धंदे आहेत. नाक्यावरच्या दुकानात दाराशी उभे रोल असतात, लाकडाच्या किंवा मार्बलच्या डिझाइनचे, ते पीव्हीसीचे. दुकानदार त्यालाही कार्पेटच म्हणतो. दुसरं एक्झिबिशनचं कार्पेट. लाल-निळं, पातळ, फेल्टसारखं दाबलेलं. गोरेगावच्या नेस्कोत प्रदर्शन असलं की तीन दिवसांपुरतं दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर अंथरतात आणि चौथ्या दिवशी फाडून काढतात. तिसरा गालिचा, तो नुसता पसरायचा, बसवायचा नाही. आणि चौथं आपल्याला हवं असलेलं, ऑफिसांत किंवा नाट्यगृहांत असतं तसं लव असलेलं, कापून चिकटवलेलं.

या चारांचे कारागीर वेगळे. पीव्हीसी बसवणारा हाताचा चलाख असतो, पण त्याला लवेची दिशा कळत नाही, कारण त्याच्या मालाला लवच नसते. मांडववाल्याचा माणूस तासाभरात हजार फूट अंथरेल, पण कोपऱ्यात कातर घालायची वेळ आली की गडबडतो. त्याला कोपरे क्वचितच लागतात. म्हणून पहिल्याच वाक्यात सांगा, ‘घरातली बेडरूम आहे, लव असलेलं कार्पेट, टाइलवर, पूर्ण चिकटवून.’ एवढ्यावर निम्मे लोक आपणहून गळतात. हा फायदाच समजा.

शोधायचं कुठे

मी पहिल्या वेळी काय केलं ते आधी सांगते. एका अ‍ॅपवर चौकशी टाकली. पुढच्या तासाभरात अकरा फोन आले. त्यातले बरेच जण कारागीर नव्हतेच. फोन घेणारा एक, माप घ्यायला येणारा दुसरा आणि बसवायला येणारा तिसराच. शेवटी कंटाळून उपनगरातल्या एका शोरूममध्ये गेले. तिथला एसी, काचेवर चिकटवलेले नमुने, ‘मॅडम, फिटिंगची जबाबदारी आमची’ असं बोलणं. मी विश्वास ठेवला.

दुसऱ्या वेळी मी उलटा विचार केला. मुंबईत कार्पेट रोज बसतं कुठे? अंधेरीत डबिंगचे आणि रेकॉर्डिंगचे स्टुडिओ आहेत, तिथे आवाज घुमू नये म्हणून जमिनीवर, कधी भिंतीवरही कार्पेट असतं. माझा भाचा अशाच एका स्टुडिओत साउंडचं काम करतो. त्याला विचारलं, तुमच्याकडे कोण येतं? तो म्हणाला, ‘एक चाचा आहेत कुर्ल्याचे. आमच्या मालकानं तीन स्टुडिओ बदलले, पण चाचा बदलले नाहीत.’ अशी शिफारस मला शंभर चांदण्यांच्या रेटिंगपेक्षा जास्त वाटते.

तुमचा भाचा स्टुडिओत नसेल, तर वाट अशीच आहे. ज्या जागी कार्पेट आहे आणि चार-पाच वर्षं जुनं आहे, तिथल्या देखभाल बघणाऱ्या माणसाला विचारा. बँकेची शाखा, जवळचं सभागृह, डॉक्टरांचा मोठा दवाखाना, कुठलंही. मॅनेजरला विचारू नका, त्याला फक्त बिल ठाऊक असतं. शिपाई किंवा इलेक्ट्रिशियन नेमकं सांगतो. ‘तो काय, दोनदा बोलवावा लागतो’, किंवा ‘नाही नाही, एकदम सरळ माणूस.’

दुसरी चांगली जागा म्हणजे गल्लीतला सोफा-पडदेवाला. जुनी गिऱ्हाइकं असलेला, स्वतः मशीनवर बसणारा. हे काम आणि कार्पेटचं काम एकाच बिरादरीतली माणसं करतात, त्यामुळे कुणाचा हात चांगला हे त्यांना पक्कं माहीत असतं. लोअर परळच्या रघुवंशी मिलच्या आवारात फर्निशिंगची दुकानं आहेत, तिथे माल बघायला जरूर जा, नमुने हाताला लावून बघा. पण माल कुणाकडून आणि हात कुणाचा हे दोन निर्णय वेगळे ठेवा. शोरूमनं ‘आमचा माणूस’ म्हणून पाठवलेला बहुतेकदा रोजंदारीवरचाच असतो, आज यांचा, उद्या त्यांचा.

तिसरी जागा, जी आपण विसरतो, ती म्हणजे सोसायटीचा वॉचमन. कुठल्या फ्लॅटमध्ये काम करून गेलेला माणूस परत दुरुस्तीला आला आणि कुणाच्या नावानं घरमालक गेटवर उभं राहून ओरडला, याची नोंद रजिस्टरपेक्षा त्याच्या डोक्यात चांगली असते.

फोनवरचे तीन प्रश्न

पहिला, ‘तुम्ही स्वतः येणार की माणूस पाठवणार?’ पाठवणार असेल तर त्या माणसाशीच बोलायला मागा.

दुसरा, ‘फुटाचा भाव किती?’ हा प्रश्न विचारायचा तो उत्तरासाठी नाही. खोली न बघता जो लगेच आकडा सांगतो, त्याच्या हिशोबात तुमचं दार, उंबरा, कपाट काहीच नसतं. ते सगळं नंतर ‘एक्स्ट्रा’ म्हणून येतं. चाचांनी आकडा सांगितलाच नाही. ‘पहले देखने दो, फिर बोलता हूं.’

तिसरा, ‘गावाला कधी जाणार?’ हसू नका. बरेच कारागीर उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थानातले. ईद, होळी, छठ, मे महिन्यातली लग्नं, यांत कामं अर्धवट टांगून राहतात, कारण माणूस गाडीत बसलेला असतो आणि फोन ‘नेटवर्क क्षेत्राबाहेर’. तिकीट काढलं असेल तर तो प्रामाणिकपणे सांगतो. आपण विचारत नाही, ही आपली चूक.

माप घ्यायला आला की नुसतं बघत राहा

सगळ्यात जास्त इथेच कळतं, म्हणून इथे जरा सविस्तर.

शोरूमचा मुलगा आला होता तो बूट घालूनच आत शिरला, लेझरचं यंत्र एकदा या भिंतीला आणि एकदा त्या भिंतीला लावलं, ‘दस बाय बारा’ असं मोबाइलमध्ये टाइप केलं, आणि चार मिनिटांत गेला. मला तर कौतुकच वाटलं होतं, किती झटपट.

चाचा आले ते चपला बाहेर काढून. आधी खोलीभर नुसते चालले, अनवाणी. मग दार उघडलं, बंद केलं, परत उघडलं. खिशातून नाणी काढून एकावर एक ठेवली आणि दाराखालून सरकवली. दोन गेली, तिसरं अडकलं. ‘दरवाजा नीचे से घिसना पड़ेगा. सुतार आपका है कि मैं लाऊं?’ पहिल्या वेळी याच दारानं नव्या कार्पेटवर पंख्याच्या आकाराचा चट्टा पाडला होता. दार खालून रंधून घ्यायचं असतं हे कुणी बोललंच नव्हतं. सुतारानं नंतर खसाखस रंधा मारला तेव्हा दार उघडझाप करताना लवेला टेकेनासं झालं.

मग माप. लांबी तीन ठिकाणी, रुंदी तीन ठिकाणी, टेपनं. मुंबईतल्या कुठल्याही इमारतीत समोरासमोरच्या दोन भिंती सारख्या लांबीच्या सापडल्या तर मला कळवा. आमची खोली ‘दहा बाय बारा’ नव्हतीच. सगळ्यात मोठं माप धरलं तर १० फूट ३ इंच बाय १२ फूट ४ इंच. आणि त्या चार इंचांतच माझं पहिलं कार्पेट फसलं होतं.

ते असं. कार्पेटचा रोल ठराविक रुंदीचा येतो. १२ फुटी (३.६६ मीटर) आणि ४ मीटर (१३ फूट दीड इंच) ही नेहमीची मापं. कडेला कापाकापीसाठी दोन्ही बाजूंनी तीन-तीन इंच जास्त धरावे लागतात. शोरूमनं १२ फुटी रोल दिला होता. तो आडवा लावला तर १२ फूट ४ इंचाला चार इंच कमी पडतात. उभा लावला, म्हणजे १२ फूट १० इंच लांब तुकडा कापला, तर जोड लागत नाही, पण माल १५४ चौरस फूट लागतो. त्यांनी आडवाच लावला. १० फूट ९ इंचांचा तुकडा, वर चार इंचांची एक पट्टी, मिळून १३३ फूट. एकवीस फूट माल वाचला, कोटेशन स्वस्त दिसलं, आणि मी खूश झाले.

खिडकीलगत ती चार इंची पट्टी बसली. आता ती पट्टी रोलच्या आडव्या कापातून निघालेली, म्हणजे तिची लव बाकीच्या कार्पेटच्या काटकोनात. एकाच रोलचा माल, एकच रंग, तरी सकाळच्या उन्हात पट्टी वेगळ्या छटेची दिसायची. अण्णांनी पहिल्याच दिवशी चहा पिता पिता विचारलं, ‘तिथे ठिगळ लावलंय का गं?’

चाचांनी ४ मीटरचा रोल घ्यायला लावला. १३ फूट दीड इंच गुणिले १० फूट ९ इंच, साधारण १४१ फूट. जोड नाही, ठिगळ नाही. खोलीचं क्षेत्रफळ १२६, म्हणजे १५ फूट वाया गेला, पण तो मी डोळे उघडे ठेवून वाया घालवला. तेव्हा कोटेशनमध्ये नुसती बेरीज बघू नका. रोलची रुंदी किती, जोड कुठे येणार, लव कुठल्या बाजूला, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर द्यायला ज्याला कागदावर चौकोन काढून दाखवावासा वाटतो, तो माणूस कामाचा.

शेवटी चाचांनी अण्णांकडे बघून विचारलं, ‘बाबा वॉकर चलाते हैं?’ हो म्हटल्यावर त्यांनी खाली फोम घालायला साफ नकार दिला. शोरूमनं आग्रहानं विकलेला जाड फोम पायाला गुबगुबीत लागायचा, पण वॉकरचे पाय त्यात रुतायचे. म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत पातळ, आखूड लवेचं, खाली काही न घालता सरळ चिकटवलेलं कार्पेट बरं. हे आम्हाला खरं तर फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगायला हवं होतं, सांगितलं कार्पेटवाल्यानं.

ओल

आणि मग चाचा बाथरूमच्या भिंतीपाशी खाली बसले. स्कर्टिंगच्या वर रंगाला बारीक फुगे आले होते, वीतभर जागेत. मी रोज बघत होते, पण बघितलं नव्हतं. त्यांनी हाताची मागची बाजू भिंतीला लावली, मग नखानं एक पोपडा काढला, तो बोटांत चुरला आणि मला दाखवला. ओलसर पीठ.

‘पहले बाथरूम का लीकेज बंद कराओ. फिर मेरे को फोन करो.’ एवढं बोलून टेप गुंडाळला आणि निघाले. अ‍ॅडव्हान्स नाही, येण्याजाण्याचे पैसे नाहीत. मी खाली रिक्षापर्यंत गेले, निदान भाडं तरी घ्या म्हणून. घेतलं नाही.

पहिलं कार्पेट जुलैत का फुगलं, खोलीला कुबट वास का येत होता, पलंगाच्या पायाशी काळे ठिपके का आले, याचं उत्तर त्या चुरलेल्या पोपड्यात होतं. प्लंबरनं बाथरूमच्या नहाणी ट्रॅपभोवतीचा सांधा उकरून नीट भरला, वॉटरप्रूफिंग केलं, भिंत वाळायला दीड महिना सोडली. ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत अण्णांनी रबरी तळाच्या चपलांवर काढले.

ओल तपासायची घरगुती रीत सोपी आहे. दीड फूट बाय दीड फूट प्लॅस्टिकचा जाड तुकडा जमिनीवर ठेवायचा, चारही कडा टेपनं सील करायच्या आणि एक अख्खा दिवस-रात्र सोडून द्यायचा. काढल्यावर खालच्या बाजूला थेंब दिसले किंवा जमीन काळपट दिसली, तर कार्पेट नको. कोटा, शहाबादी, मोझेक किंवा कोबा असेल तर ही परीक्षा चांगली लागू पडते. व्हिट्रिफाइड टाइल स्वतः पाणी ओढत नाही, म्हणून टाइलच्या मधोमध लावण्यात अर्थ नाही, भिंतीकडच्या सांध्यांवर लावा. आणि ही परीक्षा मे महिन्यात करून खूश होऊ नका. जुलै-ऑगस्टमध्ये करा, काम नोव्हेंबरनंतर करा.

जाता जाता एक. गिरगाव-दादरकडच्या जुन्या घरात मोझेकच्या नक्षीदार लाद्या असतील, तर त्यावर काहीही चिकटवू देऊ नका, कितीही भरवशाचा माणूस असला तरी. सिमेंटची लादी चिकटद्रव्य पिते, डाग जात नाही. तशा लाद्या पायाला मुळात फारशा गुळगुळीत नसतात. पॉलिश करून चकचकीत केल्या असतील तर गोष्ट वेगळी.

पैसे आणि कागद

माझ्या पहिल्या वेळच्या बिलात फक्त कार्पेटचे आणि फोमचे पैसे होते. फिटिंगचे पैसे त्या मुलानं रोख घेतले होते. जुलैत फुगे आल्यावर शोरूमला चौदा वेळा फोन केला. शेवटी उत्तर आलं, ‘मॅडम, फिटिंग आमचं नाही, तो बाहेरचा माणूस आहे.’ आणि त्या माणसाचा नंबर बंद. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्कही लागत नाही, हे सगळं मला माहीत होतं. पण हातात फिटिंगचा कागदच नव्हता, मग जोर कशाच्या बळावर लावणार. तेव्हा दुकान फिटिंगची जबाबदारी घेत असेल तर ती त्याच बिलावर, वेगळ्या ओळीत लिहून घ्या. बिलावर जीएसटी क्रमांक बघा. पंधरा अक्षर-आकड्यांचा असतो आणि महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो.

कारागीर वेगळा घेतला तर माल दुकानातून स्वतः घ्या, दुकानाला स्वतः पैसे द्या. कारागिराच्या हाती फक्त मजुरी. ‘माल आणायला निम्मे द्या’ म्हणणाऱ्याला नम्रपणे सांगा, चला, बरोबर जाऊ.

चाचांशी काय ठरलं ते मी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवलं होतं. ते फारसं वाचत नाहीत, म्हणून तेच हिंदीत बोलून व्हॉइस मेसेजही केला, आणि त्यांच्याकडून ‘हां, बराबर है’ एवढं बोलून घेतलं. मजकूर असा होता:

‘बेडरूम एक. कार्पेट आमचं, ४ मीटर रोल, १४१ फूट, कोड बिलावर आहे. जोड नाही. लव दारातून आत येताना पुढच्या दिशेला. खाली फोम नाही, पूर्ण चिकटवायचं. चिकटद्रव्य आणि दाराशी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी तुमची, मजुरीत धरलेली. दार सुतार आधी रंधून ठेवेल. गोदरेजचं कपाट हलवायला दोन माणसं तुमची. उरलेले तुकडे घरात ठेवायचे. काम शनिवारी आणि रविवारी. मजुरी काम झाल्यावर, त्यातले दीड हजार आठ दिवसांनी.’

शेवटच्या वाक्यावर घासाघीस होईल असं वाटलं होतं. चाचा म्हणाले, ‘आठ दिन बाद मैं वैसे भी आऊंगा देखने.’

सोसायटीचं एवढंच, की सेक्रेटरींना दोन दिवस आधी पत्र द्या, लिफ्टमध्ये तेरा फुटी रोल मावत नाही हे लक्षात ठेवा (आमचा जिन्यानं आला, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अर्धा तास अडकला), आणि दुपारी दोन ते चार ठोकाठोक नको. रविवारी काम चालतं का तेही विचारा. आमच्याकडे आवाज न होणारं चालतं.

बसवायचे दोन दिवस

शनिवारी चाचांनी फक्त तीन गोष्टी केल्या. खोली रिकामी करून घेतली, टाइल्स साबणाच्या पाण्यानं आणि मग कोरड्या फडक्यानं पुसून तेलकटपणा काढला, आणि दुपारी, टाइल्स सुकल्यावर, कार्पेट नुसतं पसरून ठेवलं. पसरून निघून गेले. शेजारच्या काकू येऊन म्हणाल्या, ‘अर्धवट टाकून गेला वाटतं!’ तर तसं नाही. रोलमध्ये गुंडाळलेल्या मालाला वळ पडलेला असतो, एक रात्र उलगडून ठेवला की तो सैल होतो. त्याच दिवशी घाईनं चिकटवलं तर कडा वर उचलतात.

रविवारी चिकटवणं. टाइलवर बहुतेक जण पिवळसर, उग्र वासाचं सॉल्व्हंटवालं द्रव्य वापरतात, कारागिरांच्या तोंडी ‘एसआर’. ते पटकन पेट घेतं. आमच्या अण्णांचं देवघर त्याच खोलीच्या कोपऱ्यात, सकाळी समई आणि उदबत्ती हा नेम. चाचांनी डबा उघडायच्या आधी विचारलं, ‘दिया बंद है ना?’ देव दोन दिवसांसाठी हॉलमध्ये हलवले, गॅस बंद, खिडक्या उघड्या, पंखा फुल. अण्णा दोन रात्री बाहेर दिवाणावर झोपले. पाण्यात बनवलेलं अ‍ॅक्रिलिक द्रव्यही मिळतं, त्याचा वास कमी असतो, पण टाइल पाणी शोषत नसल्यामुळे ते वाळायला बराच वेळ घेतं. घरात लहान बाळ असेल तर मी तेच मागेन आणि दिवस जास्त धरीन.

काम चालू असताना एक गोष्ट बघा, कटरचं पातं. चाचांनी त्या एका खोलीत सात पाती मोडली. दर भिंतीला नवं, कोपऱ्याला नवं. बोथट पात्यानं कापलं की कडेचे धागे ओढले जातात आणि दोन महिन्यांत दोरे लोंबायला लागतात. पहिल्या वेळच्या मुलानं एकच पातं शेवटपर्यंत वापरलं होतं, मध्ये मध्ये भिंतीला घासून. भिंतीवर अजून ओरखडे आहेत.

द्रव्य पूर्ण जमिनीवर, दाते असलेल्या पट्टीनं, सारख्या जाडीचं. पहिल्यानं नुसते कडेला आणि मध्ये चार ठिपके दिले होते. कार्पेट निम्मं टाकून निम्मं दुमडायचं, आधी एका बाजूला द्रव्य, हाताला चिकचिक कमी लागेपर्यंत थांबायचं, मग हळूहळू पसरत हाताच्या तळव्यानं मधून बाहेरच्या बाजूला हवा काढायची. मग दुसरी बाजू. चाचा गुडघ्यांवर, त्यांच्या हाताखालचा मुलगा पायांकडे. दोघांत दीड तास कुणी फारसं बोललं नाही.

पैसे देण्याआधी अनवाणी सगळ्या खोलीभर चाला, पाय ओढत. कुठे पोकळ लागतंय का, दाराशी पट्टीचा स्क्रू वर आलाय का, कोपऱ्यात अंगठा घालून कड उचलते का. दार दहा वेळा उघडा. बाथरूमच्या उंबऱ्याशी कड पट्टीच्या आत गेली आहे ना, ते वाकून बघा, कारण घरातला म्हातारा माणूस पहिला तिथेच अडखळणार. आमच्याकडे ही परीक्षा अण्णांनी स्वतः वॉकर घेऊन दिली. दारापासून खिडकीपर्यंत गेले, वळले, खिडकीखाली ठिगळ शोधलं, सापडलं नाही, आणि चाचांना म्हणाले, ‘बैठो, चाय पियो.’

आठ दिवसांनी चाचा खरंच आले. दाराजवळची एक कड केसभर उचलली होती, ती खाली दाबून तिथे विटेचा तुकडा रात्रभर ठेवायला सांगितला, दीड हजार घेतले. उरलेले तुकडे गोदरेजच्या कपाटावर आहेत, पाठीवर खडूनं लवेची दिशा काढून. कधी डाग पडला तर तेवढाच चौकोन कापून बदलता येतो, पण दिशा चुकली की परत ठिगळ.

आता इमारतीतली दोन घरं त्यांचा नंबर मागताहेत. तळमजल्यावरच्यांना मी दिला नाही, आधी प्लॅस्टिकचा तुकडा दिला. चौथ्या मजल्यावरच्यांना दिलाय, शुक्रवारी दुपारी फोन करू नका असं सांगून. सध्या चाचा गावाला गेलेत.